पुनर्प्रक्रियित पाण्याने भूजल पुनर्भरण

शहरी सांडपाणी शुद्ध करून ते हेतुतः जलधरात (जमिनीखालील पाणी धरून ठेवणाऱ्या थरात) मुरवणे आणि कालांतराने विहिरींतून उपसून पुन्हा वापरात आणणे, अशी ही पद्धत. सांडपाणी अवर्षणातही रोज तयार होते. त्यामुळे पावसावर विसंबलेल्या पुनर्भरणापेक्षा हा स्रोत अधिक भरवशाचा ठरतो.

पद्धतीच्या आरंभाबद्दल एकमत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बर्लिन, पॅरिस इ. शहरांलगतच्या शेतांवर मैलापाणी सोडले जाई व त्यातील काही भूजलात उतरे. काही अभ्यासक उगम तिथवर मागे नेतात. परंतु तेथे हेतू विल्हेवाटीचा आणि शेतीचा होता, पाणी साठवण्याचा नव्हे. हेतू हाच निकष धरल्यास कॅलिफोर्नियातील माँटेबेलो फोरबे येथे १९६२ पासून व्हिटियर नॅरोज सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचे पाणी पाझर तलावांत सोडले गेले, तेथून आरंभ मानणे अधिक सयुक्तिक दिसते. पाणी शुद्ध करण्याच्या मातीच्या क्षमतेचा पद्धतशीर अभ्यास मात्र जलशास्त्रज्ञ हर्मन बाउवर यांच्या फिनिक्सजवळील (ॲरिझोना) फ्लशिंग मेडोज प्रयोगांत (१९६७ पासून) झाला. तलाव काही दिवस भरलेले व काही दिवस कोरडे ठेवल्यास तळाचा चिकट थर सुकून भेगाळतो, मातीत हवा शिरते आणि पाझर पूर्ववत होतो. ओल्या-कोरड्या अवस्थांच्या या फेऱ्यांत नायट्रोजनचाही बराच भाग निघून जातो. इझ्राएलमधील शफदान प्रकल्प याच तत्त्वावर चालतो. किनाऱ्यालगतच्या वाळूतून गाळलेले त्याचे पाणी नेगेव वाळवंटातील शेतीला जाते.

पाझर तलाव हा एक प्रकार; दुसरा अंतःक्षेपण विहिरींचा, म्हणजे विहिरींतून पाणी थेट जलधरात दाबण्याचा. किनाऱ्याजवळ अतिउपसा झाला की समुद्राचे पाणी जलधरात घुसते. गायबेन-हर्झबर्ग संबंधानुसार गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून १ मी. वर असल्यास गोडे पाणी सपाटीखाली सुमारे ४० मी. पर्यंत टिकते, म्हणजे पातळीतील थोडी घटही महागात पडते. ऑरेंज काउंटीत (कॅलिफोर्निया) १९७६ पासून शुद्ध केलेले पाणी विहिरींच्या रांगेतून आत दाबून असा गोड्या पाण्याचा बांध उभारला गेला. २००० च्या सुमारास तेथे एनडीएमए हे संभाव्य कर्करोगकारक संयुग आढळले. ते रिव्हर्स ऑस्मोसिसच्या (दाबाखाली अतिसूक्ष्म छिद्रांतून पाणी गाळण्याच्या) पडद्यातूनही काही अंशी निसटते, म्हणून अतिनील किरणांची जोड आवश्यक ठरली. २००८ मध्ये सुरू झालेल्या तेथील नव्या प्रकल्पात सूक्ष्मगाळणी, रिव्हर्स ऑस्मोसिस आणि हायड्रोजन पेरॉक्साइडसह अतिनील किरण असे तीन टप्पे आहेत. २०२३ पासून त्याची क्षमता दररोज सुमारे ४९ कोटी लिटर आहे. इतके शुद्ध पाणी क्षारांना हपापलेले असते. चुना मिसळला नाही तर ते नळ खाते. जलधरातील खनिजांत आर्सेनिक असल्यास ते विरघळण्याचाही धोका असतो.

पाणी जमिनीखाली किती काळ राहावे, हा नियमांचा कळीचा भाग. कॅलिफोर्नियाच्या २०१४ च्या नियमांत किमान दोन महिने धरले आहेत. शुद्धीकरणात बिघाड झाल्यास तो ध्यानात येऊन उपसा थांबवण्यास ही सवड मिळते. विषाणू मात्र एकूण एक लाख कोटी पटींनी घटले पाहिजेत.

बेल्जियमच्या वाळूटेकड्यांत (२००२) आणि ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे (२०१७) अशा योजना चालू झाल्या. भारतात बंगळूरचे द्वितीय स्तरापर्यंत (जिवाणूंकरवी सेंद्रिय घाण काढण्यापर्यंत) शुद्ध केलेले सांडपाणी २०१८ पासून कोलार जिल्ह्यातील तलावांत सोडले जाते. तेथे तृतीय स्तराच्या (त्यापुढील, अधिक बारीक) शुद्धीची मागणी होत आली असून, ती रास्त आहे.