पोर्ट निळा, वेग जुनाच

लगीनसराईत कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या माझ्या मित्राच्या फोटो स्टुडिओत गेलं, की त्याचं अर्धं लक्ष आपल्याकडे आणि अर्धं स्क्रीनवरच्या हिरव्या पट्टीकडे असतं. लग्नाचा व्हिडिओ ६४ जीबीचा, न्यायला आलेले पाहुणे बाहेर बाकावर बसलेले आणि पट्टी काही केल्या पुढे सरकत नाही. परवा त्यानं मुद्दाम फोन करून बोलावलं. "सर, कॉम्प्युटरचा मदरबोर्ड गेलाय म्हणत्यात दुकानात. यूएसबी स्लो झालंय. पुढं लावा, मागं लावा, तेच. आता बोर्ड बदलायचा म्हटलं की प्रोसेसर आला, रॅम आली. एकदा तुम्ही बघा की."

पट्टीखाली आकडा होता सेकंदाला ३८ मेगाबाइट. मधेच ३७, मधेच ३९, परत ३८. तो बघितला आणि बोर्ड शाबूत असल्याची माझी निम्मी खात्री तिथंच पटली. यूएसबी २.० हे मानक एप्रिल २००० मध्ये आलं. त्याचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे ६० मेगाबाइट. त्यातला बराच वेळ 'तू बोल, आता मी बोलतो' या पाळ्या सांभाळण्यात जातो आणि हातात ३५ ते ४० उरतात. बिघडलेला पोर्ट असा शिस्तीत ३८ वर चालत नाही. तो मधेच तुटतो, टुंग टुंग आवाज करत परत जोडला जातो, नाहीतर सरळ मुका होतो. इथं पोर्ट उत्तम चालला होता, फक्त २००० सालच्या नियमानं.

पण पोर्ट तर निळा होता. निळा म्हणजे यूएसबी ३.०, म्हणजे ५ गिगाबिट (५००० मेगाबिट), असं आपण सगळेच धरून चालतो. मोबाइलच्या टॉर्चनं त्या निळ्या जिभेकडे नीट बघा. आत मागच्या बाजूला चार पट्ट्या आहेत: एक वीजपुरवठ्याची, एक परतीची आणि दोन माहितीच्या. या जुन्याच. जिभेच्या टोकाशी आणखी पाच बारीक पट्ट्या आहेत, त्या २००८ साली ३.० बरोबर आल्या. त्यात माहिती पाठवायची एक जोडी, घ्यायची एक जोडी आणि मधे एक जमिनीची (ग्राउंडची). म्हणजे निळ्या पोर्टात दोन पूर्ण स्वतंत्र रस्ते आहेत. जुना बंद करून नवा केलेला नाही, जुन्याशेजारी नवा टाकलाय. कुठल्या रस्त्यानं जायचं हे यंत्र जोडलं जातं त्या क्षणी ठरतं, आणि ते कसं ठरतं हा मला या सगळ्यातला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

आधी वेगाचा अंदाज घेऊ. सेकंदाला ५ अब्ज बिट, म्हणजे एका बिटाच्या वाट्याला २०० पिकोसेकंद (हजार पिकोसेकंदांचा एक नॅनोसेकंद). बोर्डावरच्या तांब्याच्या रेषेत सिग्नल एका नॅनोसेकंदात साधारण १५ सेंटीमीटर जातो. गुणाकार केला की एक बिट तारेवर तीन सेंटीमीटर लांबीचा होतो. तुमच्या अंगठ्याच्या पेरापेक्षा जरा मोठा. एक बिट अजून पोहोचलेला नसताना त्याच्यामागं पाच-सहा बिट त्याच रेषेवर धावत असतात. जुन्या ४८० च्या रस्त्यावर हाच बिट फूटभर लांब असतो. फूटभर लांबीच्या बिटाला जोडणीतली खाच किंवा केबलचा सांधा जाणवत नाही. तीन सेंटीमीटरच्या बिटाला तीच खाच रस्त्यातल्या खड्ड्यासारखी लागते. सिग्नलचा काही भाग उलटा परततो आणि मागच्या बिटांत मिसळतो.

म्हणून नव्या रस्त्यावर बोलणं सुरू होण्याआधी तीन पायऱ्या पार कराव्या लागतात.

पहिली पायरी: समोर कोणी आहे का? पाठवणाऱ्या तारेवर एक छोटा कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारा भाग, असतो, ७५ ते २०० नॅनोफॅरडचा. पोर्ट तारेचं व्होल्टेज एकदम थोडं वाढवतो आणि ते किती वेळात चढतं हे मोजतो. करवीर तालुक्यात नदीवरून उसाला पाणी घेणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगावं लागणार नाही. मोटार चालू केली आणि गेजचा काटा झटकन वर गेला, तर शेतातला व्हॉल्व्ह बंद आहे. काटा सावकाश चढला, तर व्हॉल्व्ह उघडा आहे, पाणी पुढं निघालंय. शेतात जायची गरज नाही, काट्याच्या चालीवरून कळतं. इथंही तसंच. समोर घेणारा नसेल, तर भरायला तारेची नगण्य धारकता तेवढी असते आणि व्होल्टेज लगेच चढतं. समोर घेणारा असेल, तर त्याच्याकडच्या कमी रोधातून जमिनीकडे वाट मिळते, कपॅसिटरही भरावा लागतो आणि व्होल्टेज सावकाश चढतं. एकही बिट न पाठवता, फक्त उशिरावरून, पोर्टाला कळतं की पलीकडे कोणीतरी आहे.

दुसरी पायरी हाकेची. दोन्ही बाजू हळू, ठरावीक अंतरानं ठोके देतात, १० ते ५० मेगाहर्ट्झचे. ५ गिगाबिटच्या मानानं हे अगदी संथ बोलणं. मग तिसरी पायरी, सरावाची. ठरलेला ३२ चिन्हांचा एक नमुना तब्बल ६५,५३६ वेळा पाठवला जातो. त्याला लागतात फक्त चार मिलिसेकंद. तेवढ्यात घेणारी बाजू आपला इक्वलायझर जुळवून घेते: या केबलनं, या बोर्डानं सिग्नलची कुठली बाजू खाल्ली आणि ती किती उचलून घ्यायची. त्यानंतर आणखी दोन प्रकारचे नमुने एकमेकांना पाठवून खात्री करतात आणि मग कुठं फाइलचा पहिला बाइट निघतो.

यातली एक पायरी जरी चुकली, तरी यंत्र मुकाट जुन्या चार पट्ट्यांवर येतं. कसली खूण नाही, लाल दिवा नाही. फाइल जाते, पण ३८ नं. मानक बनवणाऱ्यांनी हे विचारपूर्वक केलं, कारण अजिबात न चालण्यापेक्षा हळू चाललेलं बरं. पण याच मुकेपणामुळं चांगले बोर्ड भंगारात जातात.

आता स्टुडिओतला बोर्ड. तो इंटेलच्या एच८१ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरचे पोर्ट वगैरे सांभाळणारी चिप), २०१३ सालच्या पिढीतला, स्वस्त वर्गातला. या चिपसेटमध्ये एकूण दहा यूएसबी पोर्ट, त्यातले ३.० फक्त दोन. बहुतेक बोर्डांवर ते दोन्ही मागच्या बाजूला दिलेले असतात. मग कॅबिनेटच्या पुढचे दोन निळे पोर्ट कुठं जोडलेले असतील? बाजूचं पॅनेल काढलं. पुढून येणारी जाड वायर, तिच्या टोकाला १९ पिनांचा मोठा चौकोनी कनेक्टर आणि त्याला लावलेला एक छोटा ॲडॅप्टर. तो बसला होता ९ पिनांच्या जुन्या हेडरवर, म्हणजे बोर्डावर वायर लावायच्या पिनांच्या जागेवर. दोन्ही पोर्टांच्या नव्या वायरी ॲडॅप्टरमध्येच संपत होत्या. जोडणाऱ्यानं काही फसवलं नव्हतं. बोर्डावर मोठा हेडरच नव्हता, मग तो दुसरं काय करणार? पण निळं प्लास्टिक कॅबिनेटवाल्याचं आणि वेग बोर्डवाल्याचा, एवढं ग्राहकाला कोणीतरी सांगायला हवं होतं.

"पण सर, मागं लावलं तरी तेवढंच येतंय की." हे त्याचं म्हणणं बरोबर होतं आणि त्यामुळंच दुकानातला माणूस चुकला. मागं लावताना केबल कुठली होती? मोबाइलच्या चार्जरबरोबर आलेली. व्हिडिओ ज्यात भरायचा त्या बाहेरच्या डिस्कची, म्हणजे एसएसडीची, मूळ केबल आखूड, मागून टेबलापर्यंत पोहोचत नव्हती. चार्जिंगच्या बहुतेक केबलींत वीज आणि जुनी जोडी एवढ्याच वायरी असतात, नव्या नसतातच. पुढं केबल बरोबर होती आणि पोर्ट जुना. मागं पोर्ट नवा होता आणि केबल जुनी. दोन वेगळी कारणं, आकडा एकच. म्हणून दोष दोन्हींत समान असलेल्या बोर्डावर गेला. शाळेत प्रयोग करताना एका वेळी एकच गोष्ट बदला म्हणतात, ते यासाठीच.

असा घोळ घरी निस्तरायचा असेल, तर आधी वेग कुठल्या रस्त्याचा आहे ते बघावं. यूएसबी ट्री व्ह्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर प्रत्येक यंत्र कुठल्या वेगानं जोडलंय ते दाखवतं. लिनक्स असेल तर 'एलएसयूएसबी' ही आज्ञा 'टी' पर्यायासह (lsusb -t) द्यावी, समोर ४८० किंवा ५००० लिहून येतं. ५००० दिसूनही कॉपी हळू असेल, तर पोर्टाला सोडा आणि पेन ड्राइव्हकडे बघा. स्वस्त पेन ड्राइव्हची लिहिण्याची गती कित्येकदा १०-२० मेगाबाइटच असते. सुरुवातीचा भरधाव आकडा बऱ्याचदा रॅममध्ये साठवलेल्या माहितीचा असतो. ४८० दिसलं, तर केबल, मग पोर्ट, मग बायोसमधली (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमधली) एक्सएचसीआय ही यूएसबी ३.० ची नोंद, या क्रमानं जावं. जुन्या काही बोर्डांत ती बंद केली की निळे पोर्टही जुन्या रस्त्यावर येतात. विंडोज ७ मध्ये ३.० चा ड्रायव्हर मुळात नाही, तो वेगळा टाकावा लागतो. विंडोज ८ पासून तो आतच असतो.

स्टुडिओत मी बसलो असताना मित्राचा मदतनीस दर मिनिटाला डेस्कटॉपवर राइट क्लिक करून रिफ्रेश मारत होता. निम्म्या कोल्हापुरात मी हे पाहिलंय. रिफ्रेशनं पडद्यावरची चिन्हं पुन्हा मांडली जातात, बाकी काही होत नाही. इंटरनेटवर मिळणारी 'यूएसबी बूस्टर' सॉफ्टवेअरं त्याच जातीची: जी वायर जोडलेलीच नाही, तिच्यातून कुठलं सॉफ्टवेअर बिट पाठवणार? खंडेनवमीला यंत्राची पूजा जरूर करावी, त्यामागचा आदर मला मनापासून आवडतो. पण हळद-कुंकू कॅबिनेटच्या माथ्यावर वाहावं, पोर्टावर नको. त्या बारीक पट्ट्यांवर कुंकवाचा कण आणि वर पावसाळ्यातली चार महिन्यांची ओल बसली, की तीन सेंटीमीटरच्या बिटासाठी तिथं खड्डा तयार होतो. साफ करायचं तर मशीन बंद करून, मऊ ब्रशनं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं. तोंडानं फुंकर घालू नये, थुंकीचा ओलावा आत जातो.

मूळ केबल लावून एसएसडी मागच्या निळ्या पोर्टात घातली. आकडा १३० वर गेला आणि तिथं स्थिरावला. आता पोर्ट नव्हे, त्याची जुनी फिरती हार्ड डिस्क अडवत होती. अठ्ठावीस मिनिटांचं काम सव्वाआठ मिनिटांवर आलं.

निघण्याआधी त्याला एक गंमत दाखवली. प्लग मुद्दाम हळूहळू, अडखळत आत सारला. जोडणीच्या क्रमात वीज आणि जुन्या पट्ट्या आधी टेकतात, नव्या पाच सगळ्यात शेवटी. एसएसडी जागी झाली, नव्या रस्त्यावर कोणी सापडलं नाही, ती जुन्यावर आली. पडद्यावर ४८०. काढून एका दमात ठासून लावला. ५०००. त्यानं माझ्या हातून प्लग घेतला आणि स्वतः दोनदा करून बघितलं. मग पांढरी चिकटपट्टी फाडून पुढच्या दोन्ही निळ्या पोर्टांवर लावली आणि मार्करनं लिहिलं: 'फक्त कीबोर्ड, माऊस'.