शंखपुष्पी, फेनिटॉइन आणि सराफ्यातला भुट्ट्याचा कीस

बोर्डाची परीक्षा जवळ आली की आमच्या इंदूरच्या रामबागेत घरोघरी शंखपुष्पीच्या बाटल्या निघतात, स्मरणशक्तीसाठी. परवा शेजारच्या काकूंनी भाच्यालाही सुरू केली, आणि त्याला मिरगीसाठी फेनिटॉइन चालू आहे. मी म्हटलं न्यूरोलॉजिस्टना विचारलंत का, तर म्हणे अरे आयुर्वेदिक आहे, त्यानं काय होतंय!

होतं ना. मुंबईच्या केईएमच्या डॉक्टरांनी असे दोन पेशंट पाहिले, गोळी चालू तरी झटके परत सुरू, आणि दोघंही शंखपुष्पीचं सिरप घेत होते. मग उंदरांवर बघितलं, तर सिरप वारंवार दिलं की रक्तातलं फेनिटॉइन उतरतं. 1992 चा पेपर आहे, म्हणजे गोष्ट काही कालची नाही.

आता फेनिटॉइनची गंमत ऐका, मला हे फार आवडतं. रक्तात ते मिलिलिटरला साधारण 10 ते 20 मायक्रोग्रॅम हवं, कमी पडलं तर झटका, जास्त झालं तर तोल जातो. बहुतेक औषधांचा डोस दीडपट केला की रक्तातलं प्रमाण दीडपट, पण याचं तसं नाही, कारण याला मोडणारं लिव्हरमधलं एन्झाइम लवकर फुल होतं. सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, भुट्ट्याचा कीस देणारा एकटाच, समजा मिनिटाला दहा प्लेटी देतो, नऊ गिऱ्हाइकं आली तर रांग नाही पण अकरा यायला लागली की रांग वाढतच जाते, तसंच डोस 300 मिलिग्रॅमचा 400 केला तर लेव्हल दुप्पटसुद्धा होऊ शकते. याला मायकेलिस-मेंटेन म्हणतात, समीकरण लिहीत नाही, घाबरू नका. अशा औषधाला बाजूनं जरा धक्का लागला तरी पुरे. धक्का उलटाही असतो, मिरी-पिंपळीतलं पायपरीन फेनिटॉइनचं शोषण वाढवतं, म्हणजे त्रिकटू (सुंठ-मिरी-पिंपळीचं चूर्ण) घेतलं की लेव्हल वर जाऊ शकते.

याचा अर्थ आयुर्वेद टाकाऊ असा नाही. अपस्मार म्हणजे अधूनमधून येणारा, स्मृती हरवून अंधारात शिरल्यासारखा आजार, हे चरकाचं वर्णन आजच्या डॉक्टरलाही पटेल, आणि माणसाचा ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, तर 1924 मध्ये पहिल्यांदा निघाला. माझा राग चप्पल-कांदा हुंगवणाऱ्यांवर आहे. झटका बहुतेकदा एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतो आणि श्रेय चपलेला! त्यापेक्षा कुशीवर वळवा, तोंडात चमचा-बिमचा घालू नका, पाच मिनिटांवर गेला तर ॲम्ब्युलन्स.

काल काकू बाटली घेऊनच डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी आधी लेबल वाचलं, मग लेव्हल करायला सांगितली. रिपोर्ट उद्या येईल.