कर्णाचे कवच आणि दुर्योधनाचे कवच

मराठवाड्यातल्या गावांत चातुर्मासात पोथी लागते आणि कर्णाच्या दानाचा प्रसंग होऊन जातो, तेव्हा श्रोत्यांपैकी कोणीतरी विचारण्याजोगा एक प्रश्न असतो. द्रोणाचार्यांनी दुर्योधनाच्या अंगावर अभेद्य कवच बांधले होते, तर कर्णाचे कवच इंद्राने नेल्यावर तसेच दुसरे कवच त्यालाही का बांधून दिले नाही? महाभारत या प्रश्नाचे थेट उत्तर देत नाही. मात्र ही दोन कवचे शेजारी ठेवून पाहिली, की बाण दोन्हींवरून परतत असला तरी त्यांचे सामर्थ्य एका जातीचे नाही, हे ध्यानात येते. एकाचे सामर्थ्य वस्तूत आहे, दुसऱ्याचे विद्येत. दिव्य शस्त्रांच्या आणि चिलखतांच्या जवळजवळ प्रत्येक कथेत, आपल्याकडच्या आणि परदेशातल्याही, हा भेद कुठेतरी दडलेला असतो.

कर्णाचे कवच त्याच्याबरोबर जन्माला आले. ते कुंडलांसह अमृतापासून झालेले होते, असे वनपर्वात सांगितले आहे. ते चढवावे लागत नव्हते, त्यासाठी मंत्र म्हणावा लागत नव्हता, आणि आपल्याला ते कोणी दिले हे ठाऊक नसताना, अधिरथाच्या घरी रांगत असतानाही, कर्ण त्याच्या आत तितकाच सुरक्षित होता. त्याने ते मिळवले नव्हते आणि इच्छा झाली तरी तो ते कोणाला शिकवू शकला नसता. येथे एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. हे कवच अंगावर असतानाच कर्ण द्रौपदीच्या स्वयंवरात अर्जुनापुढून मागे सरला, आणि घोषयात्रेत गंधर्वांनी त्याच्या रथाची धूळधाण केल्यावर विकर्णाच्या रथावर चढून निघून गेला. कवच मरण थोपवून धरत होते. जय मिळवून देणे हे त्याचे काम नव्हते, आणि कर्णाच्या पराभवांचे सगळे खापर कवचदानावर फोडणाऱ्यांनी हे दोन प्रसंग पुन्हा वाचावेत.

असे कवच बाहेरून फोडता येत नाही, म्हणून ते मागून घ्यावे लागते. इंद्र ब्राह्मणाच्या वेषात येणार असल्याची सूचना सूर्याने कर्णाला स्वप्नात दिली होती. कर्ण ऐकत नाही असे दिसल्यावर, निदान बदल्यात अमोघ शक्ती तरी मागून घे, असे त्याने सुचवले. कर्णाने स्वतःच्या हाताने कवच कापून दिले आणि शक्ती घेतली. व्यवहार पुरा झाला. त्या क्षणापासून कवचाचा कोणताही अंश कर्णाकडे उरला नाही, आणि पुढे कितीही साधना केली असती तरी ते परत येण्याचा मार्ग नव्हता.

दुर्योधनाचे कवच वेगळ्या घाईत आले. युद्धाच्या चौदाव्या दिवशी जयद्रथाला गाठण्यासाठी अर्जुन द्रोणांना बगल देऊन सैन्यात खोलवर शिरला, तेव्हा दुर्योधन आचार्यांपाशी येऊन तक्रार करू लागला. व्यूहाचे तोंड सोडून मला जाता येणार नाही, तूच अर्जुनाशी लढ, असे सांगून द्रोणांनी पाण्याला स्पर्श केला आणि मंत्र म्हणत त्याच्या अंगावर सुवर्णाचे कवच बांधले. सोने तेथे होते खरे, पण ते निमित्तमात्र होते. या कवचाची परंपरा द्रोण स्वतःच सांगतात: वृत्रासुराच्या वधासाठी शंकराने ते इंद्राला दिले, इंद्राने अंगिरसाला, अंगिरसाने बृहस्पतीला, बृहस्पतीने अग्निवेश्याला आणि अग्निवेश्याने द्रोणांना. ही सोन्याच्या पत्र्याच्या वारसांची यादी नाही. ही गुरुपरंपरा आहे, आणि तिच्यातून उतरत आली ती कवच बांधण्याची विद्या.

दोन्हींतला भेद ओळखण्याची सर्वांत सोपी कसोटी अशी, की दिल्यानंतर देणाऱ्याकडे काय उरले हे पाहावे. कणगीतली पायलीभर ज्वारी शेजाऱ्याला दिली तर तेवढी कणगी रिती होते. अभंग शिकवला तर शिकवणाऱ्याचा एक चरणही कमी होत नाही. कर्ण दान करून रिता झाला. द्रोण दुर्योधनाला कवच बांधून पुन्हा व्यूहाच्या तोंडाशी उभे राहिले, ते जेवढे जाणत होते तेवढेच जाणत. आपल्याकडे संध्याकाळी म्हटली जाणारी रामरक्षा स्वतःला ‘वज्रपंजर’ म्हणवते, आणि नवरात्रात तुळजापूरच्या वाटेवर ज्यांच्या ओठी देवीकवच असते ते एकेका अवयवासाठी देवीचे एकेक नाव घेतात. ही दोन्ही कवचे द्रोणांच्या कवचाच्या कुळातली आहेत. कर्णाच्या कवचाच्या कुळातले काही आपल्या देव्हाऱ्यात नाही.

कसोटी सोपी असली तरी खरी गंमत ही कवचे निष्प्रभ कशी होतात यात आहे, आणि त्यासाठी तेरावा आणि चौदावा हे युद्धाचे दोन लागोपाठचे दिवस बारकाईने पाहावे लागतात. तेराव्या दिवशी अभिमन्यू चक्रव्यूहात एकटा लढत असताना, याला मारायचे कसे, असे कर्णाने द्रोणांना विचारले. द्रोणांनी सांगितले, की याचे कवच अभेद्य आहे, कारण कवच धारण करण्याची विद्या मी याच्या पित्याला शिकवली आणि ती हा पूर्णपणे जाणतो. तेव्हा कवचाच्या नादी लागू नका, आधी त्याचे धनुष्य तोडा, मग घोडे, मग सारथी. तसेच झाले. दुसऱ्या दिवशी अर्जुनाचे बाण दुर्योधनावरून निष्फळ होऊन पडू लागले, तेव्हा श्रीकृष्णालाही आश्चर्य वाटले. अर्जुनाने मात्र लगेच ओळखले, की हे द्रोणांनी बांधलेले कवच आहे. ही विद्या मलाही ठाऊक आहे, असे सांगून त्याने पुढे नेमके निदान केले: दुर्योधनाने ते अंगावर घेतले आहे, पण घेतल्यावर काय करायचे असते हे त्याला माहीत नाही.

आधी अर्जुनाने ते कवच भेदणारे अस्त्र योजले, पण अश्वत्थाम्याने ते मधल्या मध्ये छेदले आणि अर्जुनाला ते दुसऱ्यांदा वापरता येणार नव्हते. मग त्याने केले ते जणू आदल्या दिवशीच्या द्रोणांच्या सल्ल्याबरहुकूम होते. त्याने दुर्योधनाचे धनुष्य तोडले, घोडे मारले, रथ मोडला, आणि शेवटी कवचाने न झाकलेल्या दोन्ही तळहातांवर बाण मारले. अभिमन्यूचे आणि दुर्योधनाचे कवच एकाच गुरूकडून आलेले होते. एकाला ते उमगले होते, त्याच्यावर अनेक महारथींना मिळून तुटून पडावे लागले; दुसऱ्याने ते उसने घेतले होते, त्याला एकट्या धनुर्धराने थोड्या वेळात रणातून हटवले. विद्येच्या कवचात अशी प्रतवारी संभवते. कर्णाच्या कवचात ती संभवत नाही, कारण तेथे उमगण्यासारखे काही नव्हतेच.

येथे एक तिसरी गोष्ट मध्ये घुसते, तिला वेळीच बाजूला केलेले बरे. गांधारीने डोळ्यांवरची पट्टी सोडून दुर्योधनाचे शरीर वज्राचे केले, ही लोककथा या कवचाशी नेहमी गुंतवली जाते. वनपर्वात दानव दुर्योधनाला वेगळेच सांगतात: तुझे वरचे शरीर शंकराने वज्राचे आणि खालचे देवीने फुलांचे घडवले आहे. दोन्ही कथा घडणीच्या आहेत, बांधलेल्या कवचाच्या नाहीत.

शस्त्रांकडे वळले तरी हीच दोन कुळे दिसतात. कवचाच्या बदल्यात कर्णाला मिळालेली वासवी शक्ती ही शुद्ध वस्तू होती: एकाच शत्रूवर चालायची आणि मग इंद्राकडे परत जायची. कर्णाने ती अर्जुनासाठी राखून ठेवली होती, आणि चौदाव्या दिवसाच्या रात्रीच घटोत्कचाने कौरवसेनेची दाणादाण उडवल्यामुळे ती त्याला तेथे खर्चावी लागली. याच कर्णाकडे परशुरामांकडून मिळालेले ब्रह्मास्त्रही होते. पण ते खोटे बोलून शिकलेले असल्याने ऐन वेळी आठवणार नाही, असा शाप होता. म्हणजे एकाच योद्ध्याने कवच देऊन गमावले, शक्ती वापरून गमावली आणि अस्त्र विसरून गमावले.

या दोन कुळांची सर्वांत चांगली गाठ सौप्तिक पर्वात पडते. अश्वत्थाम्याने एकदा द्वारकेला जाऊन श्रीकृष्णाकडे सुदर्शन चक्र मागितले. श्रीकृष्णाने घे म्हटले, आणि याला ते एका हाताने नाही की दुसऱ्या हाताने नाही, जागचे हलवताही आले नाही. पण हाच अश्वत्थामा पुढे हाताशी शस्त्र नसताना गवताची एक काडी उचलतो आणि तिच्यावर ब्रह्मशिर अस्त्र योजतो. चक्राच्या बाबतीत वस्तूच सर्वस्व होती. येथे वस्तूला काडीचेही मोल नाही. अर्जुनाने उलट तेच अस्त्र सोडल्यावर व्यास आणि नारद मध्ये उभे राहिले आणि दोघांना अस्त्रे मागे घ्यायला सांगितले. अर्जुनाने घेतले, अश्वत्थाम्याला जमले नाही, कारण मागे घेण्यासाठी जो मनोनिग्रह लागतो तो त्याच्याकडे नव्हता. विश्वामित्रांनी रामाला अस्त्रे दिली तेव्हा ती आवरण्याचे मंत्रही मागाहून शिकवले होते. परतीचा हा अर्धा भाग वस्तूच्या कुळात क्वचितच आढळतो. एक ब्रह्मशिर दुसऱ्या ब्रह्मशिराने जेथे अडवले जाते त्या देशात बारा वर्षे पाऊस पडत नाही, असेही व्यास तेथे सांगतात. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी ज्या घरांत अजून निघतात, त्यांना या परिणामाची भीषणता समजावून सांगावी लागत नाही.

त्याच प्रसंगाच्या शेवटी अश्वत्थाम्याच्या मस्तकावरचा जन्मजात मणी पांडवांनी घेतला. तो धारण करणाऱ्याला शस्त्राचे, रोगाचे आणि भुकेचे भय नसे. मणी काढून घेता आला आणि युधिष्ठिराच्या मस्तकावर गेला; ब्रह्मशिर काढून घेता आले नाही.

असे असूनही आपल्या मनात सगळी सामर्थ्ये वस्तूंचीच का होतात, याची निदान दोन कारणे आपल्याच प्रदेशात सापडतात. वेरूळच्या कैलास लेण्यातल्या महाभारताच्या शिल्पपटात शिल्पकाराला रथ दाखवता आले, धनुष्ये दाखवता आली. मनात म्हटलेला मंत्र दगडात दाखवायचा कसा? दुसरे कारण ग्रंथांचे असावे. पैठणच्या एकनाथ महाराजांचे दौहित्र मुक्तेश्वर यांच्या ओवीबद्ध महाभारतातली आदि, सभा, वन, विराट आणि सौप्तिक ही पाच पर्वेच आज उपलब्ध आहेत. कर्णाचे कवचदान वनपर्वातले आहे, तर अभिमन्यू आणि दुर्योधन यांच्या कवचांचा सारा उलगडा द्रोणपर्वात आहे. ते पर्व मुक्तेश्वरांच्या रसाळ ओवीतून आपल्यापर्यंत आले असते, तर दुर्योधनाचे बांधलेले कवचही कदाचित कर्णाच्या कवचाइतकेच घरोघर पोचले असते.

परदेशी दंतकथांत वस्तूचे कुळ अधिक दिसते. राजा आर्थरला त्याचा जादूगार सल्लागार मर्लिन सांगतो, की तलवारीपेक्षा तिची म्यान दहापट मोलाची आहे, कारण ती जवळ असेपर्यंत रक्त वाहत नाही. म्हणून ती चोरीला जाऊ शकते आणि जातेही. ट्रॉयच्या हेक्टरने अंगावर घातलेले चिलखत मुळात ग्रीक वीर अकिलीसचे होते, आणि त्यात गळ्यापाशी फट कोठे राहते हे अकिलीसने हेरले. आजच्या अद्भुतकथा आणि संगणकावरचे खेळ बहुधा याच वाटेने जातात: तलवार सापडते, चिलखत विकत मिळते, अंगावर चढवले की बळ वाढते. त्यात गैर काही नाही. घोटाळा होतो तो लेखक नायकाला सात डोंगरांपलीकडची तलवार मिळवायला धाडतो आणि शेवटच्या लढाईत ‘सामर्थ्य तुझ्याच आत होते’ असे सांगून मोकळा होतो तेव्हा. मग त्या डोंगरांचे काय करायचे? दुर्योधनाच्या कवचाप्रमाणे वस्तू आणि विद्या एकत्र आणता येतात, पण कोणाचा वाटा किती हे लेखकाने आधी ठरवून ठेवलेले असावे लागते.

महाभारत हा हिशेब अखेरपर्यंत चुकू देत नाही. द्वारका बुडाल्यावर यादवांच्या स्त्रियांना घेऊन निघालेल्या अर्जुनावर वाटेत आभीर लुटारू चालून आले, तेव्हा गांडीव त्याच्या हातात होते. त्याने ते कष्टाने सज्ज केले, पण अस्त्रे आठवेनात, आणि अक्षय म्हटलेले भातेही रिते झाले. अस्त्रांचे काम झाले, ती आली तशी गेली, असे व्यासांनी त्याला सांगितले. पुढे महाप्रस्थानाला निघतानाही अर्जुनाला गांडीवाचा आणि त्या भात्यांचा लोभ सुटला नव्हता. तेव्हा अग्नीने वाट अडवून, हे मी वरुणाकडून आणले होते, ते त्याला परत कर, असे बजावले, आणि भावांनी आग्रह केल्यावर अर्जुनाने धनुष्य आणि दोन्ही भाते पाण्यात टाकले. अस्त्रांसाठी मात्र कोणालाच तगादा करावा लागला नव्हता.