पीएम किसान आणि नमो शेतकरी: हप्ता कुणाला मिळतो आणि अडतो कुठे?

केंद्राच्या पीएम किसान योजनेचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे ६,००० असे १२,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या हप्त्यांनी थेट खात्यावर येतात. 'नमो'चा वेगळा अर्ज भरून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. २०२३ मध्ये आलेली ही योजना पीएम किसानच्याच यादीवर चालते.

मुख्य अट अशी, की १ फेब्रुवारी २०१९ रोजी शेतजमीन तुमच्या नावावर हवी. त्यानंतर खरेदी केलेल्या जमिनीवर लाभ नाही. वारसाहक्काने आलेली जमीन मात्र चालते. सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असेल तर आधी तलाठ्याकडे वारस नोंद करून घ्या. क्षेत्राची मर्यादा जून २०१९ पासून उठली आहे. खंडाने किंवा बटईने कसणाऱ्याला काहीच नाही, शेतात राबणारा तोच असला तरी.

पती, पत्नी आणि अठरा वर्षांखालची मुलं मिळून एक कुटुंब, त्यात एकच लाभ. आयकर भरणारे, चतुर्थ श्रेणी सोडून आजी-माजी सरकारी कर्मचारी, महिना १०,००० किंवा त्याहून जास्त पेन्शनवाले, आमदार-खासदार, व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, सीए हे सगळे बाद. तरीही पैसे घेतले तर वसुली होते.

अर्ज पीएम किसानच्या पोर्टलवर 'नवीन शेतकरी नोंदणी'त स्वतः भरा, नाहीतर सीएससी केंद्रात जा. आधार, आधारला जोडलेला मोबाईल, ताजा सातबारा आणि आठ-अ, वारसा असेल तर फेरफार, बँक पासबुक आणि फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) जवळ ठेवा. पत्नीचं किंवा पतीचं आधारही न्या. आधारवर 'रामचंद्र' आणि सातबाऱ्यावर 'रामा' असेल, तर ते आधीच दुरुस्त करा; नावातल्या फरकानेही अर्ज परत येतो. मंजुरी तालुका, जिल्हा, राज्य अशा पायऱ्यांनी होते, त्यामुळे वेळ लागतो.

खरी अडचण मंजुरीनंतर येते. पोर्टलवर लाभार्थी स्थिती उघडा. जमीन नोंद, ई-केवायसी (ऑनलाइन ओळख पडताळणी) आणि बँकेशी आधार जोडणी या तिन्हींपुढे 'होय' दिसायला हवं. जमिनीपुढे 'नाही' असेल तर सातबारा घेऊन तालुक्याला जावं लागतं. ई-केवायसी मोबाईलवर ओटीपीने होते. म्हाताऱ्या माणसांचे अंगठे उमटत नसतील तर पीएम किसान ॲपमध्ये चेहरा दाखवूनही होते.

सर्वात जास्त घोळ तिसऱ्यात. बँकेतला माणूस "आधार लिंक आहे" म्हणतो, पण ते केवायसीपुरतं असू शकतं. "डीबीटीसाठी एनपीसीआयला खातं जोडलंय का?" असंच विचारा. डीबीटी म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येणं, आणि कोणत्या आधारचे पैसे कोणत्या बँकेत जायचे याची नोंद एनपीसीआयकडे असते. पैसा सर्वात अलीकडे जोडलेल्या खात्यात जातो. नवं सिम घेताना दुकानदाराने पेमेंट बँकेचं खातं उघडलं असेल तर हप्ता तिकडेच पडून असतो, आणि घरचे कृषी कार्यालयात खेटे घालत राहतात. नवं आधार-जोडलेलं खातं पोस्टातही उघडता येतं.

लाभार्थी वारला तर त्याच्या नावचे हप्ते उचलू नका. तालुक्याला कळवा, वारस नोंद करा आणि वारसाचा नवा अर्ज भरा. तक्रारीसाठी हेल्पलाइन १५५२६१.