देणगीची पावती आहे, पण वजावट मिळेल का?

दरवर्षी रिटर्न भरायची वेळ आली की देणगीच्या पावत्या शोधल्या जातात. त्याआधी एक प्रश्न सोडवा: रिटर्न कोणत्या करप्रणालीत भरणार? देणगीवरची वजावट, म्हणजे आयकर कायद्यातल्या कलम ८०जीची, फक्त जुन्या प्रणालीत मिळते आणि २०२३-२४ पासून आपण काहीच निवडले नाही तर नवी प्रणाली लागू होते. पगारदारांना रिटर्नमध्येच जुनी प्रणाली निवडता येते, मात्र रिटर्न मुदतीत भरलेले हवे. धंद्याचे उत्पन्न असेल तर जुन्या प्रणालीसाठी आधी फॉर्म १०-आयईए भरावा लागतो.

(ही माहिती २०२५-२६ मध्ये दिलेल्या देणग्यांची आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला असला तरी या वर्षाच्या रिटर्नला १९६१ चाच कायदा लागतो.)

सगळ्यात जास्त गफलत संस्थेच्या नोंदणीबाबत होते. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असणे पुरेसे नाही. १२एची नोंदणीही पुरत नाही, कारण ती संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नावरच्या करसवलतीसाठी असते. देणगीदाराला उपयोग ८०जीच्या मंजुरीचा, आणि तिलाही मुदत असते: तात्पुरती मंजुरी जास्तीत जास्त तीन वर्षांची, नियमित पाच वर्षांची. म्हणून पैसे देण्यापूर्वीच मंजुरीपत्राची प्रत मागा आणि त्यावरची मुदत बघा. चांगली संस्था हे विचारल्यावर रागावत नाही.

पैसे चेकने, यूपीआयने किंवा बँकेतून द्या. २,००० रुपयांहून जास्त रोख दिली तर त्या देणगीवर वजावट नाही. धान्य, कपडे, औषधे दिली तर गरजूंच्या कामी येतात, पण वजावटीत धरली जात नाहीत. देताना आपला पॅन अचूक लिहून द्या.

आता किती मिळते ते. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी, पीएम केअर्स, मुख्यमंत्री सहायता निधी यांना दिलेली पूर्ण रक्कम वजा होते. बहुतेक खासगी ट्रस्टना दिलेल्या देणगीची निम्मी रक्कम वजा होते, आणि तीही मर्यादेत. समजा एकूण उत्पन्न ८ लाख आहे आणि ८०सीची (पीएफ, विमा अशा गुंतवणुकीवरची) दीड लाखाची वजावट घेतली. उरले साडेसहा लाख. त्याचे १० टक्के, म्हणजे ६५,००० रुपये, ही मर्यादा. तुम्ही ८०,००० दिले असले तरी हिशेबात ६५,०००च धरले जातात आणि वजावट ३२,५०० रुपयांची मिळते. ही रक्कम उत्पन्नातून वजा होते, करातून नव्हे. ‘ट्रस्टला दिलेले निम्मे पैसे परत मिळतात’ असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

ट्रस्टच्या देणगीसाठी खरा कागद म्हणजे फॉर्म १०बीईचे प्रमाणपत्र. संस्था वर्षभराच्या देणग्यांचा तपशील फॉर्म १०बीडीत आयकर विभागाला कळवते आणि मग हे प्रमाणपत्र देते. दोन्हींची मुदत ३१ मे. रिटर्नच्या ८०जी तक्त्यात संस्थेचे नाव, पत्ता, पॅन, रक्कम आणि प्रमाणपत्रावरचा एआरएन (पोच) क्रमांक भरायचा असतो. वर सांगितलेल्या पंतप्रधान, मुख्यमंत्री वगैरे निधींना १०बीई लागत नाही, त्यांची पावती चालते. नोकरीच्या ठिकाणाहून मिळणाऱ्या फॉर्म १६ मध्ये ट्रस्टची देणगी सहसा दिसत नाही, ती रिटर्नमध्ये आपणच दाखवायची.

जून उजाडला तरी प्रमाणपत्र आले नाही, किंवा त्यावरचा पॅन चुकला, तर लगेच संस्थेशी बोला. संस्थेला १०बीडी दुरुस्त करता येतो, आणि उशीर झाल्यास तिला दिवसाला २०० रुपये शुल्क पडते. रिटर्नची शेवटची तारीख जवळ येईपर्यंत थांबू नका.