सर्टिफिकेट लेव्हल ५ चं आहे, मग आपलं सॉफ्टवेअर वेळेत मिळेल का?

(वेंडर ठरवण्याआधी वाचायचं माहितीपत्रक)

आमच्याकडे येणारे बरेचसे ग्राहक म्हणजे पतसंस्था, छोट्या सहकारी बँका नाहीतर भोसरी-चाकणकडचे कारखाने. प्रश्न साधारण एकच असतो, तीन कोटेशन आलीत, एकाकडे सीएमएमआय (सॉफ्टवेअर बनवायची पद्धत किती पक्की आहे याचं माप) लेव्हल ५, म्हणजे सगळ्यात वरची पायरी, आहे, बाकीच्या दोघांकडे काही नाही, मग त्यालाच काम देऊन टाकायचं का. हो किंवा नाही असं झटक्यात सांगता येत नाही म्हणून नीट लिहून देतोय.

हा प्रश्न नवा नाहीये. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या संरक्षण खात्याला सॉफ्टवेअरचे कंत्राटदार पारखायचे होते, त्यासाठी पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये वॉट्स हम्फ्री यांच्या पुढाकाराने १९८७ मध्ये एक प्रश्नावली तयार झाली, त्यातूनच पुढे सीएमएम आलं आणि मग सीएमएमआय. म्हणजे वेंडर निवडायला उपयोगी पडावं हाच मूळ हेतू, पण कामाची पद्धत चांगली आहे म्हणून प्रोजेक्टही चांगला होतो का, हे वेगळं तपासावंच लागतं, आणि ते लोकांनी तपासलंय सुद्धा.

ब्रॅडफर्ड क्लार्क या संशोधकांनी १६१ प्रोजेक्टचा डेटा घेऊन बघितलं, बाकीच्या गोष्टींचा परिणाम बाजूला काढल्यावर एक लेव्हल वर गेलं की मेहनत साधारण ४ ते ११ टक्के कमी होते असं निघालं. फायदा आहे, खरा आहे, पण तुमचं काम दीडपट लांबणार की नाही हे तेवढ्यावरून कळत नाही. एल एमाम आणि बिर्क या संशोधकांचा २००० सालचा अभ्यास आम्हाला तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचा वाटतो, तो आयएसओ १५५०४ या दुसऱ्या मापावर आहे. ग्राहकाची गरज समजून घ्यायची प्रक्रिया कितपत पक्की आहे त्याचे मार्क एकीकडे आणि प्रोजेक्टची कामगिरी दुसरीकडे असं जुळवून पाहिलं, तर सॉफ्टवेअर बनवणाऱ्या मोठ्या संस्थांमध्ये उत्पादकतेशी संबंध स्पष्ट दिसला आणि लहान संस्थांमध्ये पुरावा कमजोरच निघाला. आता लहान संस्थेला हे मापच बसत नाही की तिथे प्रक्रियेपेक्षा माणसं जास्त मोजली जातात, दोन्ही अर्थ निघू शकतात. तुमचा वेंडर बारा-पंधरा जणांचा असेल तर सर्टिफिकेट नाही म्हणून त्याला लगेच बाद करू नका, एवढं आम्ही ठामपणे सांगू.

अशा अभ्यासांचे आकडे वाचताना एक बघायचं की निकाल कोणी सांगितला. पुष्कळदा "प्रोजेक्ट बजेटमध्ये झाला का" हे त्याच कंपनीतल्या माणसाला विचारलेलं असतं आणि तेही ॲसेसमेंटच्या, म्हणजे मार्क किंवा लेव्हल ठरवायच्या तपासणीच्या, आसपासच, आणि स्वतःहून ॲसेसमेंट करून घेणाऱ्या कंपन्या आधीच जरा शिस्तीच्या असतात, त्यामुळे संबंध किती घट्ट आहे ते नेमकं कळणं अवघड होतं. खरा अंदाज तपासायचा तर आधी मार्क, मग प्रोजेक्ट, मग कागदावरचा निकाल असा क्रम लागतो.

बरं सर्टिफिकेट हातात आलंच तर त्यावर "ऑर्गनायझेशनल युनिट" काय लिहिलंय ते वाचा, कारण लेव्हल अख्ख्या कंपनीला असेलच असं नाही, एखाद्या शहरातल्या एका विभागाची असू शकते आणि तुमचं काम भलतीच टीम करणार असते. तीही काही निवडक प्रोजेक्ट बघून दिलेली असते आणि तीन वर्षांपर्यंतच चालते, तेव्हा तारीखही बघा.

यापेक्षा जास्त उपयोगी पडतं ते वेंडरचं स्वतःचं रेकॉर्ड. गेल्या दोन वर्षांत सुरू झालेल्या सगळ्या कामांची यादी मागा, सगळ्या म्हणजे अर्धवट सोडलेल्या आणि ग्राहकाने बंद केलेल्या सुद्धा, फक्त गाजलेली चार नकोत. प्रत्येकासमोर तीन गोष्टी हव्यात: सुरुवातीला कबूल केलेले दिवस, प्रत्यक्ष लागलेले दिवस, मध्ये आलेले बदल किती. समजा १२० दिवस सांगून १८० लागले तर तो दीडपट, असं प्रत्येक कामाचं काढा आणि सगळे आकडे चढत्या क्रमाने लावून मधला बघा, सरासरी नको, एकच फार बिघडलेलं काम सरासरी फिरवून टाकतं. मधला आकडा १.४ आला आणि तुम्हाला १०० दिवस सांगितले असतील तर संचालक मंडळाला १४० च सांगा.

बदलांचं रजिस्टर मात्र डोळ्यांनी बघा, एक्सेल असलं तरी चालेल. व्याजाचा नियम बदलला, कोणी सांगितलं, कधी, किती दिवस वाढले, कोणी मान्य केलं, एवढं ओळीने लिहिलेलं असेल तर त्या टीमला गरजा सांभाळायची सवय आहे. तुम्ही मागितल्यावर आदल्या रात्री भरलेलं रजिस्टर लगेच ओळखू येतं, सगळ्या नोंदी एकाच हाताच्या आणि एकाच सुरातल्या असतात.

ही तपासणी आम्ही करून देतो, लेव्हल असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही वेंडरसाठी पद्धत एकच. येताना सगळी कोटेशन आणि तुमच्या गरजांचा कागद घेऊन या, कच्चा असला तरी चालेल. वेंडरने यादी द्यायला नकार दिला तर तसं रिपोर्टमध्ये लिहून देतो, त्या जागी स्वतःचा अंदाज भरत नाही.