लघुकथा (मराठी) : वाचन आणि लेखन

लघुकथा ही एका बैठकीत वाचून होणारी गद्य कथा. मराठीत तिला गोष्ट, संपूर्ण गोष्ट, लघुकथा आणि आता नुसते 'कथा' अशी नावे मिळत गेली. बोलताना मात्र वाचक आजही 'त्यांची ती गोष्ट वाचलीस का?' असेच विचारतो. या प्रकाराचा इतिहास बऱ्याच ठिकाणी सापडतो; प्रस्तुत नोंदीचा भर ती वाचण्यात आणि लिहिण्यात माणसाला काय मिळते, यावर आहे.

श्रावणातल्या कहाण्या 'आटपाट नगर होतं' अशा सुरू होतात आणि 'ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' अशा संपतात. उत्तर म्हणजे इथे बोल, वचन. साठ बोलांत सांगायचे ते पाच बोलांत सांगितले आणि तरी ते संपूर्ण झाले, असा हा दावा आहे. लघुकथेची याहून नेमकी व्याख्या सापडणे कठीण. लिहिणाऱ्याचा आनंद साठाचे पाच करण्यात असतो, आणि वाचणाऱ्याचा आनंद उरलेले पंचावन्न बोल स्वतः ऐकण्यात.

जुनी कहाणी मात्र आपला अर्थ सांगून मोकळी होते : उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये. महानुभाव पंथाच्या 'दृष्टांतपाठा'तही हेच दिसते. चक्रधरांनी सांगितलेले दृष्टांत केशोबासांनी त्यात सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक (म्हणजे दृष्टांताचा उलगडून सांगितलेला अर्थ) अशा तिहेरी बांधणीत लावले. हत्तीच्या एकेका अवयवाला हात लावून हत्तीचे रूप ठरवणाऱ्या आंधळ्यांचा दृष्टांत वाचताना मजा येते ती मधल्या भागात. पुढचे दार्ष्टांतिक त्या मजेला शिकवणुकीच्या दावणीला बांधते. आधुनिक लघुकथेने हे दार्ष्टांतिक गाळले, आणि ते काम वाचकाकडे आले.

हे एका दिवसात घडले नाही. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून स्फुट गोष्टी लिहिल्या. त्यांची दुष्काळावरची 'काळ तर मोठा कठीण आला' ही गोष्ट आजही अस्वस्थ करते. पुढे का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकात वि. सी. गुर्जर 'संपूर्ण गोष्ट' लिहू लागले. एका अंकात सुरू होऊन त्याच अंकात संपणारी, म्हणून संपूर्ण; क्रमशः कादंबरीची महिनाभर वाट पाहणाऱ्या वाचकाला या शब्दात केवढा दिलासा होता, ते आज सहज लक्षात येत नाही. हैदराबादेत वकिली करणाऱ्या दिवाकर कृष्णांनी १९२२ च्या सुमारास 'अंगणातला पोपट' लिहिली आणि कथेचा मुक्काम घटनेवरून मनात हलला. ना. सी. फडक्यांनी तंत्राची शिस्त लावली, लक्ष्मणराव सरदेसाईंनी गोव्याचे जग मराठी कथेत आणले. स्वातंत्र्याच्या आगेमागे गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर यांची नवकथा आली. गोखल्यांची ओळख जवळजवळ केवळ कथाकार म्हणूनच राहिली. कथा ही कादंबरीची पायरी नाही, हे त्यांच्या निष्ठेने सिद्ध केले.

वाचकाला नेमके काय मिळते, हे एखाद्या कथेत शिरल्याशिवाय सांगता येत नाही. अण्णा भाऊ साठे यांच्या 'स्मशानातील सोनं' मधला भीमा हा पोटासाठी मुंबईला आलेला धिप्पाड माणूस. खाणीतले काम बंद पडते, आणि तो मढी उकरून त्यांच्या अंगावरचे, तोंडातले सोने काढू लागतो. एका रात्री कोल्ह्यांशी झुंज देऊन तो प्रेताच्या जबड्यात हात घालतो. तिथे त्याची बोटे अडकतात आणि अखेर तो ती गमावतो. त्यानंतर कळते, की खाण पुन्हा सुरू झाली आहे. साठे इथे भाष्य करत नाहीत. दगड फोडणारी बोटे, ती बोटे गेली आणि त्याच वेळी दगड परत आले, एवढेच ते शेजारी-शेजारी ठेवतात. वाचक पुस्तक मिटतो तेव्हा भूक, शहर, मजुरी यांचे सगळे हिशेब त्याच्या डोक्यात आपोआप सुरू झालेले असतात. उरलेले पंचावन्न बोल हेच.

बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या शीर्षककथेत (संग्रह १९६३) रेल्वेत नोकरीला गेलेला तरुण डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून जात लपवतो. तिथे वाचकाचा श्वास वेगळ्या कारणाने अडकतो : पुढच्या ओळीत हे उघडे पडेल का? असे वाचन सुखाचे नाही, तरी त्यालाही आनंद म्हणावे लागते. दुसऱ्याच्या छातीतली धडधड आपल्या छातीत ऐकू येणे हा साहित्याने दिलेला मोठा लाभ आहे, आणि लघुकथा तो वीस पानांत देते. जी. ए. कुलकर्णी यांच्या कथा ('काजळमाया', १९७२) आणखी वेगळे काही मागतात. त्या पहिल्या वाचनात अंगावर येतात आणि दुसऱ्या वाचनात उलगडतात. तासाभरात पुन्हा पहिल्या ओळीवर येऊन, शेवट माहीत असताना सुरुवात वाचता येणे, ही सोय मोठी कादंबरी सहसा देत नाही.

लेखनाचा आनंद उशिरा येतो. कथा सुचते ती बहुधा एखाद्या ऐकलेल्या वाक्यातून, पाहिलेल्या चेहऱ्यातून. मग पहिल्या खर्ड्यात लिहिणारा सगळे सांगून टाकतो. पात्राचे घराणे, गावाचा रस्ता, पाऊस, आणि शेवटी आपले मतही. खरी कथा नंतर सापडते, दुसऱ्या-तिसऱ्या खर्ड्यात, पहिली दोन पाने काढून टाकल्यावर. नवशिक्याला ही काटछाट जिवावर येते. पण एकदा एक आवडता परिच्छेद काढला आणि त्याच्या आजूबाजूची वाक्ये अचानक बोलू लागली, की त्या कामाची गोडी लागते आणि ती सुटत नाही.

मराठी कथाकारांना ही गोडी लावण्यात संपादकांचा वाटा मोठा आहे. गिरगावातल्या खटाववाडीतून निघणाऱ्या 'सत्यकथा' मासिकाचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन कथेवर लेखकाशी सविस्तर बोलत, पत्रे लिहीत आणि पुनर्लेखन करायला लावत. 'साभार परत' आलेली कथा दुखावणारी असे, तरी आपली ओळ न् ओळ कोणीतरी मन लावून वाचली, हे समाधान छापून येण्याइतकेच मोलाचे होते. या अभिरुचीला विरोधही झाला. १९६९ मध्ये राजा ढाले यांनी तिच्यावर कठोर टीका केली आणि लघुनियतकालिकांच्या, म्हणजे प्रस्थापित मासिकांबाहेर निघणाऱ्या छोट्या अंकांच्या, पिढीने आपला वेगळा रस्ता धरला. मराठी कथेची कक्षा रुंदावण्यासाठी तो विरोध आवश्यकच होता. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडले; लिहिणाऱ्याशी इतक्या निगुतीने बोलणारी जागा तेव्हापासून दुर्मीळ झाली.

कथा कानांनीही वाचली जाते. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी गावोगाव कथाकथनाचे कार्यक्रम केले. मिरासदारांचे भोकरवाडीचे इरसाल नमुने किंवा पाटलांची 'धिंड' ऐकताना सभागृह एकदम हसते, आणि एकट्याने वाचताना निसटलेला विराम तिथे हाती लागतो. लिहिणाऱ्यानेही आपली कथा मोठ्याने वाचून पाहावी. जीभ जिथे अडखळते तिथे वाक्य दुरुस्त व्हायचे बाकी असते.

कथेचे हक्काचे घर म्हणजे दिवाळी अंक. 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला. आज दरवर्षी शेकडो निघतात. नवखा लेखक उन्हाळ्यातच कथा पाठवतो आणि अनुक्रमणिकेत नाव दिसेपर्यंत कोणाला सांगत नाही. ऐसपैस पाने मिळत असल्यामुळे दीर्घकथाही इथेच बहरली. भारत सासणे यांनी हा प्रकार समर्थपणे हाताळला. जयंत पवार यांच्या 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' (साहित्य अकादमी पुरस्कार, २०१२) या संग्रहात गिरणगावाचे कोसळणे आहे, तर आसाराम लोमटे यांच्या 'आलोक'मध्ये (साहित्य अकादमी पुरस्कार, २०१६) आजचे खेडे. दुसऱ्या टोकाला मोबाइलवर अलक, म्हणजे अतिलघुकथा, आणि बरोबर शंभर शब्दांची शतशब्दकथा लोकप्रिय आहे. तिच्यात शेवटच्या धक्क्याचा सोस फार दिसतो. तरी ज्यांनी कधी काही लिहिले नव्हते असे अनेक जण तिच्यामुळे शब्द मोजू लागले, एक विशेषण काढून बघू लागले.

वाचनालयांच्या दिवाळी अंक योजनेत एकच अंक थंडीभर घरोघर फिरतो. होळीच्या सुमारास तो हातात येतो तेव्हा पाठपान सुटलेले असते, आणि एखाद्या कथेच्या समासात आधीच्या कोणा वाचकाने पेन्सिलीने बारीक रेघ मारून ठेवलेली असते.